मास्तरांचा लाल खडू

राजीनामा चार ओळींचा होता आणि त्यातल्या तीन ओळी नमस्कार-चमत्काराच्या होत्या. उरलेल्या ओळीत मास्तरांनी लिहिलं होतं, 'आजचा दिवस भरून मी काम सोडत आहे.' कारण लिहिलं नव्हतं. कारण वहिनींना पक्कं ठाऊक होतं आणि तेच सकाळपासून त्यांना टोचत होतं.

वहिनी म्हणजे कारखान्याच्या मालकीणबाई. बावीस वर्षांपूर्वी थोरली सून म्हणून या घरात आल्या, तेव्हापासून कामगार त्यांना वहिनीच म्हणत. सासरे दोन वर्षांपूर्वी गेले. नवरा शाळेत गणित शिकवतो आणि कारखान्याच्या फाटकाशी आला की त्याला शिंका येतात. दिराला माल चढवण्या-उतरवण्यापलीकडे कशात रस नाही. तेव्हा कारखाना वहिनींच्या अंगावर पडला, आणि खरं सांगायचं तर त्यांनी तो बरा चालवला होता. कालपर्यंत.

काल वर्षाचा समारंभ होता. दरवर्षी सासरे प्रत्येकाला काही ना काही देत, पण सरसकट एकच वस्तू कधीच नाही. त्यांची एक वही होती. कुणाला काय दिलं म्हणजे तो माणूस फुलतो, हे त्यात नावानिशी लिहिलेलं. वेल्डरपुढे लिहिलं होतं, 'चारचौघांत बोलावे, मोठ्याने बोलावे, फोटो काढावा.' मोटरीत तार गुंडाळणाऱ्या, वाइंडिंगच्या मावशींपुढे होतं, 'वस्तू नको, वेळ द्यावा.' स्टोअरकीपरपुढे, 'त्याच्या बायकोला पत्र लिहून त्याची तारीफ करावी, त्याला सांगू नये.' वहिनींनी ती वही पाठ केली होती. काल वेल्डरचं नाव माइकवर तीनदा घेतलं, तर गडी असा फुगला की खुर्चीत मावेना. मावशींना शुक्रवारी दुपारी लवकर घरी जायची कायमची मुभा दिली. नातवाला शाळेतून आणायला आता कुणाच्या हातापाया पडायला नको, म्हणून त्या बाई चक्क रडल्या.

राहिले मास्तर. वहीत त्यांच्यापुढे एवढंच होतं : 'मास्तर. काही देऊ नये. विचारावे आणि तेवढ्यावर थांबावे.'

वहिनींना वाटलं, सासऱ्यांचा हात इथे आखडला. एकतीस वर्षं काम केलेल्या माणसाला काही देऊ नये? हा कुठला न्याय? आणि वहिनी चुकल्या त्या इथेच.

मास्तरांचं काम काय, ते सांगायला हवं. या कारखान्यात ओंजळीत मावेल एवढी मोटर बनते. अपुऱ्या दिवसांचं बाळ इस्पितळात काचेच्या पेटीत ठेवतात, त्या पेटीत ऊबदार हवा फिरवायला ही मोटर. ती दिवसरात्र फिरायला हवी, आणि आवाज न करता. तयार मोटर सुरू करून मास्तर तिच्या अंगावर एक पोलादी सळई टेकवत. सळईच्या दुसऱ्या टोकाला लाकडी गोळा. तो गोळा कानाशी धरून डोळे मिटत. आतल्या बेअरिंगमध्ये धुळीचा कण असला, एखादी गोळी खरवडलेली असली, तर त्यांना कळत असे. मग खिशातून लाल खडूचा तुकडा काढून ते मोटरीच्या पाठीवर एक रेघ मारत. रेघ मारलेली मोटर पुन्हा कुणी तपासत नसे. ती लाल कपाटात जाई, तिथून बेअरिंग बदलायला. असं का, म्हणून कुणी विचारत नसे आणि मास्तरही सांगत नसत.

एका मोटरीला पाच मिनिटं, दिवसाला साठ मोटरी, आणि मान सतत वाकलेली. वहिनींना ते बघवत नसे. हल्ली तर मास्तर मोटरीच्या उलट्या बाजूला जाऊन, अंग पिळून सळई धरत. पाठ धरली असणार, असं वहिनींनी मनाशी ठरवलं. म्हणून त्यांनी सहा महिने चौकशी करून एक मीटर मागवलं. मोटरीला चिकटवायचं, कंप मोजतं, बरोबर असेल तर हिरवा दिवा. काल सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत मोठ्या खोक्यातून, वहिनींनी ते मास्तरांच्या हातात दिलं आणि माइकवर म्हणाल्या, "मास्तर, आता तुमच्या कानाला विश्रांती!"

टाळ्या वाजल्या. वर भावजींनी, म्हणजे त्या दिरानं, मागून ओरडून भर घातली, "आता मास्तर बहिरे झाले तरी आपलं अडत नाही!"

सगळे पोट धरून हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी खोकं टेबलावर ठेवलं, आपली सळई फडक्यात गुंडाळली आणि चहा न घेता घरी गेले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात, ते वहिनींना तेव्हाच कळायला हवं होतं. त्यांना वाटलं, म्हातारा लाजला.

आणि आज हा राजीनामा.

तो पुन्हा एकदा वाचून होतो न होतो तोच भावजी आत आले. दार ठोठावण्याची पद्धत त्यांना ठाऊक नव्हती.

"वहिनी, तुमच्या मास्तरांनी डाव साधलाय बघा. साठातल्या अकरा मोटरींवर रेघा मारल्यात."

"अकरा?"

"अकरा! एरवी दोन निघतात, फार तर तीन. मी स्वतः मीटर लावून बघितलं. अकराच्या अकरा हिरव्या. काल माइकवर बोललात ना, त्याचा राग काढतोय म्हातारा."

वहिनींनी घड्याळाकडे पाहिलं. तीनला दहा कमी होते. ट्रक साडेतीनला सुटायचा होता. बाळांच्या त्या पेट्या बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीची ही पहिलीच ऑर्डर होती आणि तिच्यासाठी वहिनींनी दीड वर्ष उंबरे झिजवले होते. साठ मोटरी, आज पाचच्या आत. त्यांचा खरेदीवाला फोनवर स्पष्ट बोलला होता, 'पहिलीच खेप अपुरी आली तर दुसरी मागवणार नाही.'

"ट्रकमध्ये किती चढल्यात?"

"साठही चढवल्यात. मीटर पास म्हणतंय, मग कशाला थांबायचं?" भावजी जरा चाचरले. "फक्त रेघा पुसायच्या राहिल्यात. पोरं हात लावत नाहीयेत. मास्तरांची रेघ पुसायची म्हटलं की सगळ्यांचे हात लुळे पडतात."

वहिनी उठल्या.

ट्रक फाटकात उभा होता. फळी खाली केलेली, खोक्यांची चळत आत. अकरा मोटरी खोक्यांची झाकणं उघडी टाकून एका बाजूला मांडलेल्या, प्रत्येकीच्या पाठीवर बोटभर लाल रेघ. वेल्डर, मावशी, पॅकिंगवाले सगळे काम सोडून भिंतीला टेकून उभे होते. यंत्रं बंद होती, त्यामुळे कारखान्यात कधी नसते ती शांतता होती. मास्तर मात्र आपल्या टेबलाशी बसून सळईला तेल लावत होते. डबा बांधून शेजारी ठेवला होता. पाठ सगळ्यांकडे.

"मास्तर," वहिनी म्हणाल्या.

मास्तर उठून उभे राहिले, पण वळायला त्यांना एक क्षण जास्तच लागला. "बोला, वहिनी."

"या अकरा?"

"खराब आहेत."

"मीटर पास म्हणतं."

"म्हणत असेल."

भावजींना तेवढंच हवं होतं. "बघा! कारण नाही, काही नाही, नुसतं 'म्हणत असेल'. अहो, हातच्या काकणाला आरसा कशाला? उघडू या की एक. आत्ता, इथेच, सगळ्यांच्या समोर. बेअरिंग खराब निघालं तर मी मास्तरांचे पाय धरीन. आणि चांगलं निघालं तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पुरं करायची गरजही नव्हती.

त्यांनी एक मोटर उचलून बाकावर ठेवली, शिकंज्यात आवळली आणि स्क्रूड्रायव्हर घेतला. 

खरं तर भावजींचं म्हणणं सरळ होतं. उघडली की निकाल. बेअरिंग खराब निघालं तर मास्तर खरे, चांगलं निघालं तर साठ मोटरी वेळेत जातील आणि दीड वर्षाची पायपीट फळाला येईल. पाच मिनिटांचं काम. मग ते त्यांना का पटत नव्हतं?

त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर बाकाकडे बघतच नव्हते. ते खिशात हात घालून उभे होते आणि खिशात ती मूठ वळलेली दिसत होती. एकतीस वर्षांत त्यांच्या रेघेची कुणी झडती घेतली नव्हती. आज ती चारचौघांत, स्क्रू काढून, आतडी बाहेर काढून घेतली जाणार होती. खराब निघाली तरी काय? या मोटरीपुरते मास्तर खरे. पुढच्या मोटरीला पुन्हा स्क्रूड्रायव्हर. 

पहिला स्क्रू करकरला.

'विचारावे आणि तेवढ्यावर थांबावे.' वहिनींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि त्याबरोबर कानशिलं तापली. सासऱ्यांचा हात आखडलेला नव्हता. उलट त्यांनी या एका माणसाला बाकी कुणालाही दिलं नव्हतं ते रोज दिलं होतं. आणि आपण? आपण माइक लावून, टाळ्यांच्या गजरात ते काढून घेतलं. वर पेढा वाटल्यासारखं तोंड करून उभे राहिलो.

"भावजी, थांबा."

"अहो, आत्ता कुठे एक स्क्रू निघाला..."

"थांबा म्हटलं ना! तो स्क्रू परत बसवा."

एवढ्या मोठ्यानं वहिनी कधी बोलल्या नव्हत्या. भावजींचा हात हवेतच राहिला.

"मग कळायचं कसं? वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

"कळलंय. मास्तरांनी सांगितलंय. अकरा खराब आहेत, खाली उतरवा." त्या पॅकिंगवाल्यांकडे वळल्या. "एकोणपन्नास जातील. अकरा लाल कपाटात."

कुणी हललं नाही. वहिनींनी फोन काढला आणि तिथेच, सगळ्यांना ऐकू जाईल असा, खरेदीवाल्याला लावला.

"नमस्कार. आजच्या खेपेत एकोणपन्नास येताहेत. अकरा आम्ही नापास केल्या."

पलीकडे थोडा वेळ कागदांची खसखस. "कशात नापास? तुमच्याकडे मीटर आहे म्हणाला होतात."

"मीटरनं पास केल्यात. माणसानं नापास केल्या."

"म्हणजे?"

"म्हणजे आमच्याकडे एक गृहस्थ आहेत. ते नाही म्हणाले की आम्ही मोटर पाठवत नाही."

"आणि मोटर उघडून बघितलीत?"

वहिनींना खोटं बोलता आलं असतं. एक 'हो' म्हटलं की सगळं निभावत होतं. "नाही. उघडणारही नाही."

पलीकडचा माणूस म्हणाला, "बाई, मी असलं उत्तर आजवर ऐकलेलं नाही. वर विचारतो." वहिनींनी फोन धरून ठेवला. मावशींनी पदराचं टोक दातांत धरलं होतं. अखेर आवाज आला, "उरलेल्या अकरा परवा सकाळी दहाच्या आत आमच्या दारात हव्यात. एक मिनिट उशीर झाला तर आलेल्या एकोणपन्नासही परत पाठवू. चालेल?"

"चालेल," वहिनी म्हणाल्या. चालेल कसं, ते देवालाच ठाऊक. अकरांची बेअरिंगं बदलायची, पुन्हा ऐकायच्या, आणि ऐकणारा माणूस आज संध्याकाळी घरी निघालेला.

ट्रक एकोणपन्नास घेऊन गेला. भावजी स्क्रूड्रायव्हर बाकावर आपटून, "बुडवा! बुडवा आमच्या बापाचा कारखाना!" असं म्हणत निघून गेले. बाकीचे हळूहळू कामाला लागले. वहिनी खोलीत जाऊन बसल्या आणि त्यांना रडू यायला लागलं, ते त्यांनी पाण्याबरोबर गिळलं.

पाचला दहा कमी असताना दार वाजलं. मास्तर आत आले, दार लावून घेतलं आणि खुर्ची असून उभेच राहिले.

"वहिनी, तुम्ही उघडली असती तर मी निमूट घरी गेलो असतो. आता जाता येत नाही."

"म्हणजे?"

"अकरातल्या दहा खराब आहेत. काठावर नाहीत, चक्क खराब. नवीन बेअरिंगवाल्याचा माल आहे, त्याच्या खोक्यात धूळ शिरलीय. मीटरला आज कळणार नाही, तीन महिन्यांनी कळेल. तोवर ती कुठल्या तरी पोराच्या उशाशी घरघरत असेल." घाम नव्हता, तरी त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. "अकरावीची मला खात्री नाही."

"खात्री नाही, तर रेघ का मारलीत?"

"डाव्या कानाला वर्ष झालं, कमी ऐकू येतंय. म्हणून उलटीकडून उभा राहतो, उजवा लावायला. एका बाजूला हात पोचत नाही, तिथली शंका राहते. शंका आली की रेघ मारतो. यात कुणाचा राग नाही, वहिनी. पण काल भावजी म्हणाले बहिरा झालो तरी चालेल, आणि सगळे हसले, तेव्हा मला वाटलं, यांना कळलंय. म्हणून ते मशीन आणलंय. आडून सांगताहेत."

"देवाशपथ नाही, मास्तर! मला वाटलं तुमची पाठ दुखते."

मास्तर त्यांच्याकडे बघतच राहिले. मग त्यांच्या गळ्यातून एक विचित्र आवाज आला. ते हसत होते, हे वहिनींच्या उशिरा लक्षात आलं. "पाठ! पाठ ठणठणीत आहे माझी."

वहिनींनाही हसू आलं, आणि मगाचं राहिलेलं रडूही त्याबरोबर आलं. त्यांनी ते आता लपवलं नाही. 'डॉक्टरला दाखवलं का, कानाला मशीन लावा, हलकं काम देते,' असं दहा तऱ्हेचं बोलणं त्यांच्या जिभेवर आलं होतं. कालची वहिनी असती तर तिनं ते सगळं बोलून टाकलं असतं.

"अकरावी कोणती?" त्यांनी एवढंच विचारलं.

दोघं लाल कपाटाशी गेले. मास्तरांनी तिसऱ्या फळीवरची मोटर काढली, टेबलावर ठेवून सुरू केली. सळई लावली, डोळे मिटले, मान हलवली. मग काल टेबलावर ठेवून दिलेल्या त्या मीटरकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. भावजींनी ते बाकावरच टाकून दिलं होतं.

"आणा ते इकडे. हात पोचत नाही, त्या बाजूला लावा."

वहिनींनी लावलं. हिरवा दिवा. मास्तरांनी मोटर फिरवून घेतली, पुन्हा सळई टेकवली. वहिनींनी मीटर दुसरीकडे, तिसरीकडे लावलं. हिरवा, हिरवा. मास्तर बराच वेळ ऐकत राहिले, आणि मग अंगठ्यानं लाल रेघ पुसून टाकली. मास्तरांनी स्वतःची रेघ पुसलेली वहिनींनी पहिल्यांदाच पाहिली.

"ही चांगली आहे. मी चुकलो होतो."

"बरं," वहिनी म्हणाल्या.

"भावजींना सांगाल?"

"मी विचारलं, तुम्ही सांगितलंत. संपलं."

मास्तरांनी त्यांच्याकडे एकवार निरखून बघितलं. हे शब्द कुठून आले, ते त्यांनी ओळखलं असावं. खिशातून खडूचा तुकडा काढून त्यांनी तळहातावर धरला. घामानं तो ओला झाला होता आणि हात लालभडक माखला होता.

"याला एखादा कागद द्या गुंडाळायला."

वहिनींजवळ एकच कागद होता, सकाळचा, चार ओळींचा. त्यांनी तो पुढे केला. मास्तरांनी तो मधोमध फाडला, अर्ध्यात खडू गुंडाळला आणि उरलेल्या अर्ध्याला हात पुसले.

"उद्या सहाला या," ते सळई फडक्यात बांधत म्हणाले. "दहा मोटरी आहेत. उजवीकडून मी ऐकतो. डावीकडून ऐकायला आता तुम्हाला शिकावं लागेल."